पिकलेल्या फणसाचा वास काहींना सुगंध वाटतो आणि मला मळमळतं, असं का होतं?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण आमच्या घरात गेली अकरा वर्षं दर मे महिन्यात हाच विषय निघतो. तुम्ही लिहिलंय की माहेर अमरावतीकडचं, लग्न होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आलात, सासरी पिकलेला फणस घरात आला की सगळे खूश आणि तुम्हाला मात्र मळमळायला लागतं, आणि सासूबाई म्हणतात एवढ्या चांगल्या वासाला नाक मुरडतेस, सगळी नाटकं आहेत. तर सगळ्यात आधी हे सांगतो की ही नाटकं नाहीत. सासूबाईसुद्धा खोटं बोलत नाहीयेत. तुम्ही दोघी एकाच फणसासमोर बसून खरोखर दोन वेगळे वास घेताय.

मी मूळचा राजापूर तालुक्यातला, आणि नोकरी फ्लेवर बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमधे, म्हणजे बिस्किटं, सरबतं, औषधाची सिरपं यांना आंब्याचा, केळ्याचा, अननसाचा जो वास असतो तो जुळवायचं काम. त्यामुळे फळांचे वास रोज नाकाखालून जातात. बायको सोलापूरची. तिला फणसाचा वास सहन होत नाही आणि मला तो आला की आजीचं घर आठवतं, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी घरातच बघितल्यात.

आधी फणसात नक्की असतं काय ते बघू. बरका, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा फणस पिकणार असला की दोन दिवस आधीच कळतं, काटे पसरट होतात, थाप मारली की बद्द आवाज येतो, आणि माळ्यावर ठेवलेला असला तरी वास खाली ओटीपर्यंत येतो. तो वास एका पदार्थाचा नसतो, त्यात डझनांनी रसायनं असतात, आणि त्यातली महत्त्वाची मंडळी म्हणजे एस्टर. केळ्याला केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल ॲसिटेट फणसातही असतं, म्हणून लहान मुलं पुष्कळदा म्हणतात की फणसाला केळ्यासारखा वास येतो, आणि ते अगदी बरोबर असतं. (जाता जाता, मधमाशी डंख मारते तेव्हा धोक्याची सूचना म्हणून हेच रसायन सोडते, त्यामुळे मधपेट्या उघडायच्या आधी केळं खाऊ नका असं मधपाळ सांगतात. एकच वास, आपल्याला शिकरण आठवते आणि माशीला लढाई.) पण फणसाचा खास फणसपणा येतो तो आयसोव्हॅलेरेट गटातल्या एस्टरांमुळे. आता गंमत अशी की ही एस्टर ज्या ॲसिडपासून बनतात ते आयसोव्हॅलेरिक ॲसिड म्हणजे दिवसभर बुटात कोंडलेल्या पायांचा वास. जुन्या चीजचाही तोच. पायावरचे बॅक्टेरिया घामातलं ल्युसीन नावाचं अमिनो ॲसिड फोडतात तेव्हा ते तयार होतं, आणि फळातही या एस्टरांचा कच्चा माल ल्युसीनच असतो. म्हणजे तुम्हाला फणसात काहीतरी घामट, आंबूस असं जाणवत असेल तर तुमचं नाक मनाचं काही रचत नाहीये, त्याच घराण्यातलं रसायन ओळखतंय.

आमच्या लॅबमधे वास घ्यायला कागदाच्या अरुंद पट्ट्या असतात, टोक बुडवायचं, थोडं वाळू द्यायचं आणि नाकाखालून फिरवायचं. नवीन लोकांना शिकवताना मी आयसोव्हॅलेरिकची पट्टी हमखास देतो, खूप पातळ करून. एकदा शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुलींना एकाच बाटलीतली पट्टी दिली. एकीने दोनदा हुंगली, म्हणाली चीज आहे का, छान आहे, थोडं आंबट लोण्यासारखं. दुसरीने पट्टी नाकाजवळ नेली, मान मागे गेली, पट्टी टेबलावर टाकली आणि खुर्ची सरकवून उठली, डोळ्यात पाणी. दोघी एकाच वयाच्या, एकाच हॉस्टेलवर राहणाऱ्या. त्या दिवशी मला बायकोचं म्हणणं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पटलं, हे मी मान्य करतो, आणि घरी जाऊन तिला तसं सांगितलंसुद्धा.

असं होण्याचं पहिलं कारण जीन्समधे आहे. नाकात वास पकडणारे रिसेप्टर माणसात साधारण ४०० प्रकारचे असतात. त्यांची जीन्स लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मधे शोधून काढली, त्यासाठी २००४ चं नोबेलही मिळालं. पण हे ४०० जण सगळ्यांच्यात सारखे नसतात, काहींची जीन्स एका माणसात चालू तर दुसऱ्यात बंद, काहींची रचना थोडी वेगळी, आणि कुठलीही दोन माणसं घेतली तर साधारण ३० टक्के रिसेप्टरांच्या कामात फरक निघतो असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलंय. डोळ्यांच्या बाबतीत इतका फरक असता तर आपण रोज रंगावरून भांडलो असतो. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट लागू पडणारी गोष्ट म्हणजे २००७ मधे इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांना असं एक रिसेप्टर जीन सापडलं, जे काही माणसांत चालू असतं आणि काहींत मोडलेलं, आणि ज्यांच्यात ते चालू असतं त्यांचं नाक नेमकं आयसोव्हॅलेरिक ॲसिडला जास्त तिखट निघालं. एकच जीन सगळं ठरवतं असं मी अजिबात म्हणत नाही, पण सासूबाईंना फणसात केळं-अननस-मध येतोय आणि तुम्हाला त्यावर घामट थर जाणवतोय, हे कसं शक्य आहे ते यावरून कळतं.

हे फक्त फणसाचंच नाही. बीटा-आयोनोन नावाचं एक रसायन अनेक फळांत असतं, रास्पबेरीत भरपूर. एका रिसेप्टर जीनच्या एका अक्षराच्या फरकामुळे काहींना त्याचा फुलांसारखा सुगंध येतो आणि काहींना तेच आंबट, व्हिनेगरसारखं लागतं, यावर २०१३ मधे न्यूझीलंडमधे छान काम झालं. पेरूचंही तसंच, पिकलेल्या पेरूत गंधकाची काही संयुगं अगदी किंचित असतात, त्यांच्यामुळेच पेरू पेरूसारखा लागतो, पण तीच प्रमाणाबाहेर झाली की मांजराने घाण केल्यासारखा वास येतो. पेरूची पाटी घरात आली की खिडक्या उघडणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्याच पाटीत तोंड खुपसून वास घेणारेही.

प्रमाण हा मुद्दा मात्र लोक नेहमी विसरतात. फळ पिकायला लागलं की इथिलीन वायू सोडतं, त्याने पिकणं आणखी वेग घेतं, आणि वासाची रसायनं तासातासाला बदलतात. पहिल्या दिवशीचा फणस आणि तिसऱ्या दिवशीचा फणस हे वासाच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. जास्त झाला की आंबायला लागतो, अल्कोहोल बनतं, नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा झणका येतो, एस्टर मोडून मूळचं ॲसिड सुटतं. कोकणातल्या घरात एकावेळी चार चार फणस पिकतात आणि दमट हवेत दारं लावलेल्या खोलीत ते पडून असतात, तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तो सगळा डोस एकदम मिळतो, आणि घरच्यांच्या नाकाला मात्र सवय होऊन त्यांना तो अर्धाही जाणवत नाही.

आता मनाचा भाग, पण मनाचा म्हणजे खोटा असं कृपया समजू नका. ऑक्सफर्डमधे २००५ साली एक प्रयोग झाला. लोकांना हाच आयसोव्हॅलेरिकचा वास (थोडा चीजचा फ्लेवर मिसळून) दिला आणि समोर स्क्रीनवर कधी 'चेडर चीज' असं लिहिलं, कधी 'अंगाचा वास' असं लिहिलं. चीज लिहिल्यावर तोच वास लोकांना जास्त आवडला, आणि नुसतं तोंडाने सांगितलं असं नाही, मेंदूच्या स्कॅनमधेही फरक दिसला. म्हणजे नाव, आठवण, अपेक्षा हे सगळं वासात मिसळूनच वास तयार होतो. मला फणस म्हटलं की पडवीत अंथरलेलं गोणपाट आठवतं, आजी हाताला खोबरेल चोळून बसलेली, कोयत्याने फणस दोन फाळ केला की पांढरा चीक धाग्यासारखा लोंबायचा, तो ती कागदाच्या बोळ्याने टिपून घ्यायची आणि पहिला गरा आठळी काढून माझ्या तोंडात. चार वर्षांचा असेन. हे सगळं त्या वासाला चिकटलेलं आहे, ते मला वेगळं काढता येत नाही. तुमच्या वासाला यातलं काहीच चिकटलेलं नाही, तुम्हाला तो नुसताच, मोठ्या डोसमधे, नवीन घरात आला.

आणि ही सवय आपल्याला वाटतं त्याहून लवकर लागते. फ्रान्समधे २००० साली असं दाखवलं होतं की ज्या आयांनी गरोदरपणाच्या शेवटी बडीशेपेसारख्या वासाचं अनिस खाल्लं होतं त्यांची बाळं जन्मल्यावर काही तासांतच त्या वासाकडे वळत होती, आणि बाकीची बाळं तोंड वाकडं करत होती किंवा काहीच करत नव्हती. कोकणातलं मूल आईच्या पोटात असल्यापासून फणस ओळखत असेल तर मला नवल वाटणार नाही.

उलटंही होतं. एखाद्या वासाच्या आसपास एकदा जोरदार उलटी झाली की मेंदू तो वास वर्षानुवर्षं धरून ठेवतो, हे शरीराचं विषापासून वाचायचं तंत्र आहे. माझी बायको लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात तिसऱ्या महिन्यात होती, गावाला घर फणसांनी भरलेलं, त्यात तिला दिवसातून पाच पाच वेळा उलट्या, आणि आम्ही सगळे तिला आग्रह करतोय की एक गरा खा, बरं वाटेल. आज ते आठवलं की वाईट वाटतं. तिला फणस कदाचित पुढे आवडलाही असता, आम्ही घाई करून तो दरवाजा बंद केला. म्हणून तुमच्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आग्रह करू नका. जबरदस्तीने नावड पक्की होते.

ड्युरियनचं उदाहरण मला यात फार आवडतं. आग्नेय आशियातलं हे फळ, सिंगापूरच्या मेट्रोत न्यायला बंदी, कितीतरी हॉटेलांच्या दारावर काट मारलेलं चित्र, त्याच्या वासात गंधकाची संयुगं असतात आणि ती बनवणाऱ्या जीन्सच्या जादा प्रती त्या झाडात आहेत हे २०१७ मधे कळलं. आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनच्या काळातले मोठे निसर्ग अभ्यासक, यांना मलाक्कात घराच्या आत ते फळ सोसवलं नव्हतं. पुढे बोर्निओत जमिनीवर पडलेलं पिकलेलं फळ त्यांना मिळालं, ते त्यांनी उघड्यावर बसून खाल्लं आणि ते कायमचे ड्युरियनचे भक्त झाले. माणूस तोच, नाक तेच, जीन्स त्याच. फरक फक्त मोकळ्या हवेचा आणि फळ स्वतःहून उचलण्याचा.

शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या की फणसाचा वास आपल्यासाठी बनलेलाच नाही. झाडाला बिया लांब पोचवायच्या असतात, त्यासाठी ते रानातल्या जनावरांना हाक मारतं. वायनाडमधे फणसाच्या सीझनला हत्ती वस्तीत उतरतात ते या वासावर, आमच्याकडे वानरं आणि केलडी माकडं आधी पोचतात.

आता करायचं काय. नाक हाताने घट्ट दाबून गार केलेल्या काप्या, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या फणसाचा छोटा तुकडा चघळून बघा, मग हळूच नाक सोडा. तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात जाणारा वास मेंदू वेगळ्या पद्धतीने वाचतो, त्यामुळे बाहेरून नको वाटणारं आतून आवडू शकतं. गार का, तर थंडीत ही रसायनं कमी उडतात. कापाच घ्या, बरक्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. फणस पडवीत किंवा अंगणात फोडा, आणि गरे काढले की चारखंडं (काटेरी साल), पाती (गऱ्यांमधल्या पट्ट्या) लगेच बाहेर गुरांना घाला, कारण घरात दिवसभर रेंगाळतो तो वास त्यांचाच जास्त असतो. नाहीच जमलं तरी काही बिघडत नाही. फक्त पूर्वी आवडणारे वास, कॉफी, कांदा, फळं, सगळंच अचानक सडल्यासारखं वाटायला लागलं असेल, कोविडनंतर अनेकांना तसं झालं होतं, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ती वेगळी गोष्ट आहे.

आमच्याकडे आता फणस मागच्या पडवीत फुटतो. बायको पुढच्या दाराशी बसते, गरे खात नाही, पण आई तिच्यासाठी आठळ्या मीठ घालून उकडून ठेवते आणि उन्हात कडक वाळवलेली फणसपोळी डब्यात वेगळी काढते. ती पोळी तिला आवडते, वाळताना बराचसा वास उडून गेलेला असतो. या वर्षी अर्धा डबा तिनेच संपवला.