दम लागेपर्यंत पळायचंच कशाला?

धावण्याने डोक्यावरचा ताण खरंच उतरतो का, या विषयावर आलेल्या पत्रांतली काही आज घेते. बहुतेक पत्रांची गोष्ट एकच आहे: सुरुवात दणक्यात होते आणि तिसऱ्या आठवड्यात बूट कपाटात जातात.

प्रश्न: वय ३४, हिंजवडीत नोकरी. कामाचा ताण फार, म्हणून धावायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी तीन किलोमीटर न थांबता पळालो. दहा-बारा दिवसांत नडग्या इतक्या दुखायला लागल्या की बंद करावं लागलं. वर्षभरात हे तीनदा झालंय. माझ्यात चिकाटीच नाही का?

तीनदा पुन्हा सुरुवात करणाऱ्याला चिकाटी नाही असं कोण म्हणेल? तुमची अडचण वेगळी आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा यांना महिने लागतात. म्हणजे दम लागायचा कमी होतो, आता जमतंय असं वाटतं, तुम्ही अंतर वाढवता आणि नेमकी तेव्हाच नडगी बोलायला लागते.

आठवड्यातून तीन दिवस ठेवा, मध्ये एकेक दिवस सुट्टी. आधी पाच मिनिटं चाला. मग एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं सहा-सात वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चाला. धावण्याचा वेग इतका हळू हवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. जेमतेम दोन शब्द बाहेर पडत असतील तर वेग जास्त आहे. दोन आठवडे यात काहीही बदलू नका, कितीही हुरूप आला तरी. मग धावण्याचं एक मिनिट दीडवर न्या. अमेरिकेतले प्रशिक्षक जेफ गॅलोवे १९७० च्या दशकापासून ही चालत-धावत पद्धत शिकवत आले. ते स्वतः १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावले होते, तेव्हा मधे चालायला लागलो तर लोक काय म्हणतील, ही काळजी तुम्ही सोडून द्यायला हरकत नाही.

‘दर आठवड्याला दहा टक्केच वाढवा’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. नेदरलँड्समध्ये पाचशेहून जास्त नवख्या धावणाऱ्यांवर तो तपासून पाहिला गेला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाने दहा टक्क्यांच्या हिशोबाने १३ आठवडे सराव केला, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने ८ आठवडे. दुखापतींचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, साधारण पाचात एक. त्यामुळे आकड्यावर भिस्त ठेवू नका. सकाळी उठल्यावर कालचं दुखणं शिल्लक असेल तर पुढची पायरी थांबवायची, एवढं पाळा. नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, तर धावणं बंद करून आधी डॉक्टरांना दाखवा. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो.

आणखी एक, जे आयटीतल्या मंडळींना मी हटकून सांगते. शरीराला ऑफिसचा ताण वेगळा आणि धावण्याचा वेगळा असं कळत नाही, सावरायला वेळ दोन्हींनंतर लागतो. सॉफ्टवेअर रिलीजच्या आठवड्यात झोप चार तासांवर आली असेल, तर त्या आठवड्यात धावणं निम्मं करा. पण शून्यावर आणू नका.

प्रश्न: धावल्यावर एंडॉर्फिन्स या शरीरातल्या रसायनांमुळे आनंद होतो म्हणतात. मी (शिक्षिका, सोलापूर) महिनाभर धावतेय, मला घामाशिवाय काही मिळालं नाही. उलट छातीत धडधडलं की भीती वाटते.

एंडॉर्फिन्सना जरा जास्तच श्रेय मिळालंय. रक्तातली एंडॉर्फिन्स मेंदूत सहजी शिरत नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात ६३ धावणाऱ्यांपैकी काहींना एंडॉर्फिन्सचा परिणाम रोखणारं औषध दिलं, इतरांना नुसती दिखाऊ गोळी; तरी ४५ मिनिटं धावल्यावर औषध घेतलेल्यांनाही उल्हास वाटलाच आणि चिंताही कमी झाली. त्यामुळे आता संशय आहे तो शरीर स्वतःच बनवतं त्या एंडोकॅनाबिनॉइड्सवर, म्हणजे भांगेतल्या द्रव्याच्या जातकुळीतल्या रसायनांवर. (होळीची वाट पाहायला नको!) पण हा अनुभव सगळ्यांना येत नाही आणि नवख्यांना तर क्वचितच. त्याच्या मागे लागू नका. झोप लवकर लागते का, संध्याकाळी मुलांवर आवाज चढतो तो कमी झाला का, हे बघा. फरक आधी तिथे पडतो.

धडधडीबद्दल: घाबरल्यावर छाती जशी धडधडते तशीच धावतानाही धडधडते. हळू धावत ती रोज थोडी थोडी अनुभवली आणि काही वाईट घडलं नाही, की मन तिला घाबरायचं कमी करतं. मात्र छातीत दुखणं, चक्कर, ठोके चुकल्यासारखं वाटणं यांतलं काही असेल, किंवा घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी तपासणी करून घ्या.

प्रश्न: नैराश्यासाठी आठ महिने गोळ्या घेतोय. धावायला लागल्यापासून बरं वाटतंय. गोळ्या बंद केल्या तर चालेल?

स्वतःच्या मनाने एकही गोळी कमी करू नका. ॲमस्टरडॅममध्ये नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेल्या १४१ जणांना १६ आठवडे गोळ्या किंवा गटाने धावणं यांपैकी एक उपचार देण्यात आला. आजारातून बाहेर येणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं होतं, सुमारे ४४ टक्के. वाचून हुरळून जावं असाच निकाल आहे. पण गोळ्या नीट घेणारे ८२ टक्के होते आणि ठरल्याप्रमाणे धावणारे ५२. आजार जोरात असतो तेव्हा अंथरुणातून उठणंच जड जातं, तिथे बूट कोण घालणार? तुम्हाला बरं वाटतंय त्यात गोळ्यांचाही हात आहे. दोन्ही चालू ठेवा आणि पुढच्या भेटीत हाच प्रश्न तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. अचानक बंद केल्यास चक्कर, बेचैनी, झोप उडणं असे त्रास होतात. मधेच फार खचल्यासारखं वाटलं तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न: वय ४६, नागपूर. सकाळचे डबे झाल्यावर माझ्या हातात फक्त पंधरा मिनिटं असतात. सासूबाई म्हणतात गुडघे झिजतील. एवढ्याशा वेळात काही उपयोग?

आहे. अमेरिकेत ५५ हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यात रोज पाच-दहा मिनिटं, तेही हळू धावणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. सासूबाईंना एवढं सांगा: २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याची किंवा खुब्याची संधिझीज होती, बैठं आयुष्य असणाऱ्यांपैकी १०.२ टक्क्यांना. जास्त होती ती स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत. गुडघा आधीच सुजत असेल तर गोष्ट वेगळी, मग भरभर चालणं पुरे. आणि हो, पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं गॅलरीत उभं राहून चहा प्यायलात तरी माझी हरकत नाही.

प्रश्न: ठाण्यात राहतो. तीन वर्षं धावतोय, दोन हाफ मॅरेथॉन झाल्या. आता घड्याळात वेग कमी दिसला की दिवसभर चिडचिड होते. बायको म्हणते, तुझं धावणंच बंद कर.

धावणं बंद करायची गरज नाही, पण त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. ऑफिसात टार्गेट, घरी येऊन मनगटावर पुन्हा टार्गेट, मग ताण उतरणार कुठून? सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके नेहमीपेक्षा जास्त असतील, झोप मोडत असेल, तर शरीर थकलंय. एक आठवडा अंतर निम्म्यावर आणा. त्यानंतर आठवड्यातले दोन दिवस घड्याळ घरी ठेवून येऊरच्या रस्त्याला जा, आणि अधूनमधून बायकोलाही बोलवा. तिच्या वेगाने चालायचं. स्पर्धेचं नाव नोंदवायचं असेल तर ते दोन महिन्यांनी बघू.