शाळेमागच्या बागेला मे महिन्यात पाणी कोण घालणार?

ताई, निपाणीत तुमच्या शाळेला लागून तीनेक गुंठे जागा मोकळी आहे, गल्लीतल्या लोकांना आणि मुलांना घेऊन तिथं भाजीची बाग करायची आहे, तर सुरुवात कुठून करू आणि काय लावू, असं तुम्ही विचारलंय. काय लावायचं ते पुढं सांगतेच. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हे आधी ठरवा. जूनमध्येच ठरवा, आणि कागदावर नावं लिहून घ्या.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची, प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आमची पहिली बाग दिवाळीपर्यंत डोळ्यांत भरण्यासारखी झाली होती. एप्रिलमध्ये शाळा सुटली ती मेअखेर उघडली. मधल्या काळात शेवग्याची रोपं, कढीपत्ता, लिंबू, सगळं वाळून गेलं. एक पपई तेवढी वाचली, तीही शेजारच्या न्हाणीघराचं पाणी तिच्या मुळाशी मुरत होतं म्हणून. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं दप्तरं टाकून मागं धावली आणि परत येऊन काही न बोलता बसली. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

चूक माझीच होती. बाग मुलांची असं मी म्हणत राहिले, आणि मुलं तर सुट्टीत मामाच्या गावाला जातात. दुसऱ्या वर्षी बारा वाफे पाडले. दोन वाफे शाळेचे, त्यांची भाजी अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, आमटीत जायची. उरलेले दहा गल्लीतल्या दहा घरांना दिले, प्रत्येक घराच्या जोडीला दोन मुलं. जो पाणी घालेल त्यानं त्या वाफ्याची भाजी न्यायची, एवढा एकच नियम. उन्हाळ्यात फक्त चार वाफे चालू ठेवायचे, बाकीच्यांवर पालापाचोळा पसरून माती झाकून टाकायची. तुमच्या गल्लीत स्त्रीशक्ती संघ, म्हणजे बायकांचा बचतगट, असेल तर आधी त्या बायकांशी बोला. हिशेब आणि पाळ्या त्या चोख सांभाळतात.

आणि घराघरांतल्या म्हाताऱ्या बायकांना बोलवाच. आमच्याकडं एक आजी नातवाला सोडायला यायच्या आणि कुंपणाबाहेरूनच बघत उभ्या राहायच्या. एक दिवस आत आल्या. वेलावर मुद्दाम राखलेलं, पिकून पिवळं झालेलं वाळूक त्यांनी चिरलं, बोटांनी बी काढलं, राख घेऊन तळहातावर चोळचोळ चोळलं. चिकटा गेला तसं ते शेणात कालवून गोवरीसारखं भिंतीला थापून दिलं. एका पोरानं विचारलं, "आजी, भिंतीवर उगवणार काय ते?" त्या म्हणाल्या, "मिरगापतोर निजू दे त्यास्नी." जूनमध्ये ती गोवरी फोडली. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, पाचव्या दिवशी आठांना मोड आले होते. शेकडेवारी मी वर्गात कितीदा शिकवली होती, पण "ऐंशी टक्के!" असं ओरडत आलेली पोरं मी पहिल्यांदा बघितली.

आता जमिनीचं. आमची माती तांबडी, पाणी लगेच झिरपून जातं. तुमची काळी असेल, तर ती ओली असताना मुलांना त्यात पाय ठेवू देऊ नका. तुडवली की वाळल्यावर दगडासारखी होते. पावसाळ्यासाठी वीतभर उंच गादीवाफे करा, रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी लहान मुलाचा हात मध्यापर्यंत पोचतो. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, कच्च्या शेणानं हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, होते.

सुरुवात राजगिरा, तांबडा माठ, मुळा यांनी करा. माठ तीन-चार आठवड्यांत काढणीला येतो, तोवर मुलांचा उत्साह टिकतो. मेथी पावसाचा जोर ओसरल्यावर. मग भेंडी, घेवडा, कुंपणावर दोडका. भेंडीत अर्का अनामिका घ्या, बेंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची जात आहे, केवड्याला, म्हणजे पानं पिवळी पडायच्या रोगाला, तोंड देणारी म्हणून काढलेली. शेवगा हवाच, पण खेळायच्या जागेपासून लांब. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि पोरं चढल्याशिवाय राहत नाहीत.

निपाणीसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. तुमच्याकडं घराघरांत विड्या वळतात. वाळलेल्या तंबाखूतही एक विषाणू जिवंत राहतो आणि हातावरून टोमॅटो, मिरचीच्या रोपांना लागतो. त्याचं नावच टोबॅको मोझॅक. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडतात, पानं आकसतात, आणि त्यावर औषध नाही, रोप उपटून टाकावं लागतं. म्हणून रोपं हाताळण्याआधी सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे, मुलांनी आणि आयांनीही. बागेत तंबाखू खायची नाही. किडीवर तंबाखूचा काढा फवारा असं कुणीतरी नक्की सांगेल. मुलं वावरतात तिथं तो अजिबात नको, निकोटीन कातडीतूनही अंगात जातं. निंबोळी अर्क पुरतो.

उन्हाळ्यासाठी मातीचे साधे माठ गळ्यापर्यंत पुरा, भोवती दोडका किंवा भोपळा लावा, तोंडावर झाकण ठेवा. पाणी माठातून हळूहळू पाझरतं आणि मुळं स्वतःच माठाला येऊन बिलगतात. दोन-तीन दिवसांतून एकदा भरला तरी भागतं, त्यामुळं सुट्टीतल्या पाळ्या हलक्या होतात.

शिकवण्याच्या गोष्टी बागेत ढिगानं आहेत. मला सगळ्यात आवडतो तो पाऊस. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि पट्टीनं पाणी मोजायचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग मुलांना छप्पर मोजायला लावा. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद खोली असेल तर २५ मिलिमीटरच्या एका पावसात १,५०० लिटर पाणी पडतं. आमच्या पोरांनी हा आकडा काढला आणि दुसऱ्या दिवशी पन्हाळीखाली पिंप ठेवायची मागणी घेऊन हेडमास्तरांकडं गेली.

दुसरं भाषेचं. वाफ्यावर पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा, मुलांनाच लिहू द्या. मेथी म्हणजे मेंत्ये, कोथिंबीर म्हणजे कोत्तंबरी, भेंडी म्हणजे बेंडेकाई, हे ऐकून मुलांना गंमत वाटते. वांगं मात्र बदनेकाई, शेवगा नुग्गेकाई. कन्नडच्या तासाला घाबरणारी आमची एक मुलगी या पाट्यांवरून अक्षरं जोडायला शिकली. शेजारच्या कन्नड शाळेची मुलंही मग दोडका बघायला यायला लागली.

परवानगीचं थोडक्यात. एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या पालक समितीचा, ठराव करून घ्या, जागा नगरपालिकेची असेल तर त्यांचं लेखी पत्र घ्या. आमचा पहिला अर्ज एका ऑफिसात वर्षभर पडून राहिला होता. नंतर कन्नडच्या मास्तरांनी तोच कन्नडमध्ये लिहून दिला, सोबत मराठी प्रत जोडली, तेव्हा हलला. तुम्ही पहिल्यापासून दोन्हींत द्या. बियाणं आणि सल्ल्यासाठी शेतकी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आणि बागायत खात्यात जाऊन या, जाताना दोन-तीन मुलांना बरोबर न्या.

वाळकाचं आणि दोडक्याचं बी माझ्याकडं आहे, त्याच आजींच्या वेलाचं. वळीव पडायच्या आत निपाणीकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते. पेरण्याआधी दहा बिया फडक्यात घालून बघा, आणि किती उगवल्या ते मुलांनाच मोजू द्या.