‘करस्पॉन्डन्स’ म्हणजे दरवेळी पत्रव्यवहारच का?

तुम्ही विचारलंय की एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करताना ‘करस्पॉन्डन्स’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी येतोय, सगळीकडे ‘पत्रव्यवहार’ लिहिलं तर चालेल का. नाही चालणार. गणितात एकास-एक संगती (इकडच्या प्रत्येकाला तिकडे नेमका एकच जोडीदार), भूमितीत ‘करस्पॉन्डिंग’ म्हणजे संगत कोन, वर्तमानपत्रात ‘करस्पॉन्डंट’ म्हणजे वार्ताहर, आणि माणसामाणसांत पत्रव्यवहार. एवढं कुठलाही शब्दकोश सांगेल.

मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. ‘करस्पॉन्डन्स कोर्समधला शब्द काय, नुसता पोस्टाने मिळवलेल्या डिग्रीचा, तो सोडून देतो.’ का सोडून देता?

मी गणिताची पदवी अशीच घेतली. नोकरी सोडून कॉलेजात बसण्यासारखी घरची परिस्थिती नव्हती. धड्यांच्या पुस्तिका पोस्टाने यायच्या, स्वाध्याय सोडवून पाठवायचे, लाल शाईत तपासून परत यायचे. संपर्क सत्रं असायची, पण रजा मिळाली तर. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, रेग्युलरवाले. घरात चार माणसं जमली की त्यांचं ठरलेलं वाक्य, “याला काय, पोस्टमनने शिकवलंय.” सगळे हसायचे. मीही हसायचो. बोलणार काय, दाजी ना ते.

तर संचांवरच्या पुस्तिकेत एक सिद्धता होती. रेषाखंडावर जितके बिंदू तितकेच चौरसात, दोघांत एकास-एक संगती आहे. चौरसातल्या बिंदूचे दोन निर्देशक दशांशात लिहायचे आणि पहिल्याचा एक अंक, दुसऱ्याचा एक अंक असे आळीपाळीने गुंफून एकच संख्या करायची. झाली जोडी. धड्याने तिथेच ‘सिद्ध झाले’ लिहून हात झटकले होते. मला काही ते पटेना. 0.0999… आणि 0.1 ही एकच संख्या, म्हणजे ती कशी लिहायची ते आधी ठरवायला हवं. पुस्तिकेने नवांची शेपटी लिहायची नाही असं ठरवलं होतं. बरं. मग 0.50090909… घ्या आणि अंक परत वेगळे करा. एकीकडे 0.5 येते, दुसरीकडे 0.0999…, म्हणजेच 0.1. पण 0.5 आणि 0.1 गुंफले तर 0.51 मिळते! म्हणजे 0.50090909… ला चौरसात जोडीदारच नाही. कसली एकास-एक संगती?

हे सगळं नीट लिहून मी स्वाध्यायासोबत पाठवलं. बरेच दिवस काहीच आलं नाही. मग तपासणाऱ्या सरांचं स्वतंत्र पत्र आलं, स्वाध्यायावरचा शेरा नव्हे. ‘तुमची हरकत बरोबर आहे. हीच हरकत संचांचं गणित उभं करणाऱ्या कँटरच्या सिद्धतेवर त्याचा गणिती मित्र डेडेकिंड याने घेतली होती.’ त्या सरांचं तोंड मी कधी पाहिलं नाही.

पुढे मी तो इतिहास शोधून वाचला. जून 1877. दोघेही जर्मनीत, कँटर हालेमध्ये, डेडेकिंड ब्राउनश्वाइगमध्ये. कँटरने पत्रातून ही गुंफण पाठवली, डेडेकिंडने दोन दिवसांत हेच भोक दाखवलं. कँटरने दशांश बाजूला ठेवून सतत अपूर्णांकांनी (छेदात पुन्हा अपूर्णांक, अशी साखळी) सिद्धता नव्याने बांधली, आणि 29 जूनच्या पत्रात, जर्मन मजकुराच्या मध्येच फ्रेंचमध्ये लिहिलं की मला हे दिसतंय, पण माझा विश्वास बसत नाही. यावर डेडेकिंडने आणखी एक गोष्ट सांगितली: अशी संगती जुळली तरी ती अखंड असणार नाही, कुठेतरी तुटणारच. त्याचा पुरावा डच गणिती ब्राउअरने 1911 च्या सुमारास दिला. म्हणजे इथे एक करस्पॉन्डन्स दुसऱ्या करस्पॉन्डन्सविषयी चालला होता, आणि तो पोस्टाने चालला होता.

ही हकिकत मी दाजींना सांगितली. ते म्हणाले, “वर्गात असतास तर तिथल्या तिथे हात वर करून विचारलं असतंस.” नसतं विचारलं. वर्गात शंका अर्धवट असते, सर “बघू नंतर” म्हणतात आणि घंटा होते. पत्रात ‘मला पटत नाही’ एवढ्याने भागत नाही. नेमकं कुठे पटत नाही, कोणत्या संख्येपाशी अडतं, ते समोरच्याने आपल्याला काही न विचारता समजेल असं लिहावं लागतं. ते लिहितानाच मला 0.50090909… सापडली. पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींनी 1654 मध्ये जुगारातल्या पैशांच्या वाटणीचा प्रश्न पत्रांतूनच सोडवला, संभाव्यतेचं गणित तिथून उभं राहिलं. रामानुजन मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते, 16 जानेवारी 1913 ला त्यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पत्र लिहिलं. त्यांना कोणी म्हणावं की पोस्टमनने शिकवलंय!

हां, शब्दाचं राहिलंच. मुळात लॅटिनमध्ये ‘एकमेकांना उत्तर देणं’ असा भाव आहे. इंग्रजीत ‘जुळणं, मेळ बसणं’ हा अर्थ आधीचा, पत्रांचा अर्थ सतराव्या शतकातला. त्यामुळे ‘मूळ अर्थ पत्र, बाकीचे लाक्षणिक’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, क्रम उलटा आहे. तत्त्वज्ञानात विधान वस्तुस्थितीशी जुळलं तर ते सत्य, असं मानणारा पंथ आहे, तिथेही हाच शब्द. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरचं ‘करस्पॉन्डन्स’ तत्त्वही तसंच, क्वांटम संख्या मोठ्या होत गेल्या की पुंजभौतिकीचं (क्वांटम फिजिक्स, म्हणजे अणूंच्या जगाची भौतिकी) उत्तर जुन्या भौतिकीशी मिळायला हवं. या दोन्ही ठिकाणी ‘पत्रव्यवहार’ लिहिलंत तर वाचक फार हसतील.

आता, सगळे विषय पोस्टाने होतात असं माझं म्हणणं नाही. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते. ज्याला वेळापत्रक आणि आजूबाजूला चार मित्र लागतात त्याने या वाटेला जाऊ नये, निम्म्यात सुटतं. आणि मला मिळाले तसे सर सगळ्यांना मिळतात असंही नाही, बहुतेक स्वाध्यायांवर नुसती बरोबरची खूण करून पाठवतात. दाजींचा तेवढा मुद्दा मी मान्य करतो, पण हे त्यांना सांगितलेलं नाही.

भाषांतरात कोर्सवाल्या ठिकाणी ‘पत्राद्वारे शिक्षण’ लिहा, विद्यार्थ्याला ‘पत्राद्वारे शिकणारा’. ‘दूरशिक्षण’ही चालेल, पण त्यात रेडिओ, टीव्ही, इंटरनेट सगळंच येतं, म्हणून लेख जुन्या काळाबद्दल असेल तर टाळा. आणि लेखात कँटर-डेडेकिंड आले असतील तर त्या परिच्छेदात प्रत्येक वाक्य थांबून वाचा, तिथे दोन ओळींत दोन्ही अर्थ येऊ शकतात.