सातवा महिना चालू आहे. इतर बायकांच्या बाळंतपणाच्या गोष्टी ऐकाव्यात की थांबवाव्यात?

डोहाळजेवण झाल्यापासून येणारी प्रत्येक जण आपलं बाळंतपण सांगत बसते आणि तुमची झोप उडते, असं तुम्ही लिहिलंय. माझं म्हणणं, ऐका, पण पूर्ण ऐका. घाबरवतात त्या अर्धवट गोष्टी. "दोन दिवस कळा दिल्या, मरता मरता वाचले" इथेच विषय संपतो. तेव्हा विचारा: कळा नियमित कधी झाल्या? दवाखान्यात कधी गेलात? सोबत कोण होतं? माझ्या मावशीच्या त्या दोन दिवसांतला बराचसा वेळ थांबून थांबून येणाऱ्या कळांचा होता, मधे ती जेवलीही होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर कळा खरा जोर धरतात आणि पहिलटकरणीला तिथून पुढे 12 तासांपर्यंत लागू शकतात.

सिझरच्या गोष्टीही ऐका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत. तरी त्या बायका दबक्या आवाजात सांगतात, जणू त्यांनी काही सोसलंच नाही. याचा मला फार राग येतो.

आणि तुमची गोष्ट सांगायला माणूस हवं. मी साताऱ्याला माहेरी बाळंत झाले. भेटायला येणारे बाळाचं वजन विचारत, नाक कुणावर गेलंय ते बघत. माझी विचारपूस पहिल्यांदा केली ती मालिशवाल्या मावशींनी. कमरेत कोमट तेल जिरवता जिरवता म्हणाल्या, "कळा पोटात आल्या का कमरेत?" कमरेत, म्हटलं. "मग लई सोसलंस गं." मग मी सगळं सांगितलं, नर्स ओरडली ते, टाके घालताना पाय थरथरत होते ते. तेल गार झालं, त्यांनी वाटी पुन्हा शेगडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी तेच पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा ऐकलं. त्या आठवड्यात मला डिंकाच्या लाडवांपेक्षा त्याचीच जास्त गरज होती.

कळांच्या वेळी आई किंवा बहिणीला आत येऊ देतात का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला केंद्राने 2016 मध्येच मान्यता दिली आहे. तुमच्या लक्षात राहणार नाही ते तिच्या लक्षात राहतं, नंतर दोघींना मिळून सांगता येतं. पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुतेकींना येतं. दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर मात्र घरात लपवू नका, डॉक्टरांना सांगा.