बापाची जिरते तेव्हा

प्रश्न: मैत्रिणीकडे ‘अल-इयाल किबरित’ (म्हणजे ‘पोरं मोठी झाली’) या इजिप्शियन नाटकाचं चित्रीकरण पाहिलं. बाप दुसऱ्या बाईपायी घर सोडायला निघालाय आणि प्रेक्षक खो खो हसतायत! तिथे हा विषय इतका हलका आहे का?
– एक वाचक

उत्तर: हलका कुठला! बापाची जिरते म्हणून लोक हसतात. मी हे नाटक पहिल्यांदा पाहिलं ते कैरोत, ईदच्या दिवशी, घरमालकिणीकडे टीव्हीवर. मांडीवर भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची पुडी, दातांनी बी फोडायची, सालं वाटीत. त्यातला नट सईद सालेह, त्याच्या तोंडून वाक्य निघायच्या आत घरातलं शेंबडं पोर ते म्हणून मोकळं. तीन भाऊ आणि बहीण बापाला रोखायचा कट रचायला लागली, तशा मालकीणबाई बी फोडायच्या थांबल्या. ‘अह्सन!’ म्हणाल्या. आपण ‘बरी खोड मोडली’ म्हणतो ना, तसं.

नाटक सत्तरच्या दशकातलं. 1979 मध्ये राष्ट्राध्यक्ष सादातच्या राजवटीत 44 क्रमांकाचा कायदा आला: नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर तेवढ्या कारणावर पहिलीला घटस्फोट मागता येईल. 1985 मध्ये न्यायालयाने तो रद्द केला आणि त्याच वर्षी तो जरा मवाळ होऊन परत आला.

दुखणं त्याहून जुनं. 1870 च्या सुमारास नाटककार याकूब सनूने कैरोत सवतींवर ‘अल-दर्रतान’ हे प्रहसन केलं. खुद्द खेदिव (इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता) इस्माईलच्याच बायका पुष्कळ, त्याला ते झोंबलं. 1872 मध्ये सनूचं थिएटर बंद पडलं.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. संहिता सोडून बोलण्यात सईद सालेह वस्ताद. पुढे एका नाटकात त्याने पदरची भर टाकली: आईची तीन लग्नं झाली. पहिल्याने आम्हाला मिश, म्हणजे खारवून मुरवलेलं चीज, खाऊ घातलं. दुसऱ्याने लबाडी शिकवली. तिसरा तर माशीसुद्धा हाकलत नाही. आई म्हणजे इजिप्त, आणि नासर, सादात, मुबारक या लागोपाठच्या राष्ट्राध्यक्षांतला कितवा नवरा कोण, हे शेवटच्या रांगेतल्यालाही कळलं. सरकारलाही कळलं. सालेहला तुरुंगाची हवा खावी लागली.