संच घरी द्यायचे असतील तर आधी परतीचं बघा

तुम्ही विचारलंय की वाचनालयात ‘करून पाहा’ कोपरा काढायचाय, शिवाय इलेक्ट्रॉनिक्सचे आणि हस्तकलेचे संच सभासदांना घरी द्यायचेत. निधी एकदाच मिळणार आहे, तर थ्रीडी प्रिंटर (प्लास्टिक वितळवून थरावर थर देत वस्तू घडवणारं यंत्र) घ्यावा का? प्रिंटरचं शेवटी सांगते. आधी संचांचं, कारण कटकट तिथे जास्त आहे आणि मजाही.

संच घरी नेताना सगळे खूश असतात. प्रश्न येतो तो परतीला. देवघेवीच्या टेबलापाशी रांग लागलेली असते आणि कर्मचाऱ्याला डबा उघडून एकेक भाग मोजायचा असतो. दोन मिनिटांत मोजून होणार नसेल तर तो मोजणार नाही, आणि पुढच्या सभासदाच्या हाती अर्धवट संच पडेल. म्हणून ‘यातून काय शिकता येईल’ याच्याही आधी मी ‘यात सुटे भाग किती’ हे बघते.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या खगोलप्रेमी मंडळाने २००८ मध्ये ग्रंथालयांमार्फत दुर्बिणी घरी देण्याचा उपक्रम सुरू केला. दुकानातून आली तशी दुर्बीण त्यांनी दिली नाही. बदलत्या नेत्रिकांऐवजी (डोळा लावायच्या भिंगांऐवजी) एकच झूम नेत्रिका पक्की बसवली आणि झाकणं दोरीने बांधून टाकली. हरवण्यासारखं काही सुटं ठेवलंच नाही! कुठलाही संच विकत घेतल्यावर तुम्हीही आधी हेच करा.

या कसोटीवर मायक्रोबिट, म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारा छोटासा संगणक-बोर्ड, चांगला उतरतो. बोर्ड, बॅटरीची पेटी, यूएसबी केबल, संपलं. २५ एलईडी, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर बोर्डावरच असतात. प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये पडद्यावरचे ठोकळे जोडून लिहिता येतो, घरी संगणक नसेल तर मोबाइलवरूनही चालतं. आधीच्या सभासदाचा प्रोग्रॅम मात्र बोर्डात तसाच राहतो. तो पुसून सुरुवातीचा नमुना भरायचं काम परतीच्या यादीत लिहून ठेवा. (मुलांना आधीच्याने काय केलं होतं ते बघायला फार आवडतं, पण तो मोह आवरा.) आर्डुइनो हाही प्रोग्रॅम करता येणारा बोर्डच, पण त्याचे मोठे संच, ज्यात मूठभर रेझिस्टर आणि ढीगभर वायरी असतात, ते वाचनालयातच, कुणीतरी सोबत असताना वापरू द्या.

विणकाम, भरतकाम, कागदी सर्किट (कागदावर तांब्याची पट्टी चिकटवून दिवा लावायचा) यांत दोन प्रकारच्या वस्तू असतात. सुया, कात्री, रिंग परत येतात. लोकर, दोरा, तांब्याची पट्टी वापरून संपते. संपणाऱ्या वस्तू वेगळ्या पाकिटात घाला आणि त्यांचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरा. एकदाच मिळणाऱ्या निधीवर चालणारे कोपरे याच पाकिटापाशी बंद पडतात.

एका बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. कागदी सर्किटात सर्रास बटण सेल वापरतात. तो लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. असे संच घरी देऊ नका. स्क्रूने बंद होणाऱ्या पेटीत दोन पेन्सिल सेल बसवले की तेच काम होतं.

दाखल क्रमांक संपूर्ण डब्याला एकच द्या, झाकणाच्या आत सगळे भाग मांडलेला फोटो चिकटवा. केबल हरवली म्हणून दंड लावू नका, कपाटात जास्तीच्या केबल ठेवा. समितीत कुणी ‘हे ग्रंथालयाचं काम आहे का?’ म्हणालंच, तर अमेरिकेतल्या बर्कली शहराचं सार्वजनिक ग्रंथालय १९७९ पासून सुतारकामाची आणि बागकामाची अवजारं घरी देतंय, एवढं सांगा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनीही १९३१ मध्येच ग्रंथालयाला वाढणारी संस्था म्हणून ठेवलंय.

आता प्रिंटर. तळहाताएवढी वस्तू छापायला सहज तास-दोन तास जातात, आणि तेवढा वेळ बाकीची मुलं नुसती बघत बसतात. त्यापेक्षा शिलाई मशीन घ्या. दुपारभरात शिवलेली पिशवी माणूस घरी घेऊन जातो, आणि जी मंडळी एरवी ‘तंत्रज्ञान’ म्हटलं की फिरकत नाहीत तीही येतात. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या ऊदी ग्रंथालयात थ्रीडी प्रिंटर आहेत, तशीच शिलाई मशीनही आहेत. देणगीदार प्रिंटरवरच अडून बसला असेल तर नको म्हणू नका, पण तुंबलेलं नोझल (प्लास्टिक बाहेर येतं ते तोंड) साफ करणारा कर्मचारी आधी ठरवा. आणि पहिले काही महिने त्यावर संचांच्या बॅटरी पेट्यांची तुटलेली झाकणं आणि मायक्रोबिटची कव्हरं छापा.