मलिद्याचं ताट आणि एलियाहू हनाबी

प्रश्न : ताई, नमस्कार. अलिबागला लेकीकडं गेलते, तिथं शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, ताईंनी मलिदा दिला. आमच्याकडं मलिदा म्हणजे पीराचा, पोळी कुस्करून गूळ घातलेला, आणि हा तर गोड पोह्यांचा! एलियाहू हनाबींचा नवस फेडला म्हणाल्या. हे कोण?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मावशी, एलियाहू म्हणजे बायबलमधले संदेष्टे, ख्रिश्चन लोक एलिया म्हणतात ते. अहाब राजाला तोंडावर सुनावणारा, आभाळातून अग्नी उतरवणारा जहाल माणूस, पण ते मेले असं बायबलात कुठंच नाही, अग्निरथ आला आणि वावटळीतून वर गेले. मेलेच नाहीत म्हटल्यावर येणारच की परत, सगळ्या दंतकथा इथूनच फुटतात. आणि येतात ते भिकारी, वाटसरू होऊन. गाणगापूरला दुपारी दत्तमहाराज कुठल्या रूपात भिक्षेला येतील सांगता येत नाही म्हणतो ना आपण, तसंच. पेसाख सणाच्या रात्री ज्यू घरांत त्यांच्यासाठी वाइनचा पेला भरून ठेवतात, दार उघडतात. बाळाच्या सुंतेलाही एक खुर्ची त्यांची.

तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातली एक गोष्ट मला फार आवडते. बेरोका नावाचे एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, भर बाजारात एलियाहूंना विचारतात, इथं स्वर्गाला जाणारं कोण आहे? तेवढ्यात दोघं जण येतात, एलियाहू म्हणतात, हे दोघं. रब्बी पळत जाऊन विचारतात, तुम्ही करता काय? ते म्हणतात, आम्ही हसवतो लोकांना, कुणी उदास दिसला की त्याला खुलवतो आणि दोघांचं भांडण दिसलं की मधे पडून मिटवतो. एवढंच! ना उपास ना तापास.

आता मलिदा. ही रीत खास आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींची. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलदोडा, सुकामेवा, सोबत फळं, आधी एलियाहूंचं गाणं नि आशीर्वाद, मग वाटप. नवस फिटला, लग्न ठरलं, नवीन घर झालं की करतातच.

पुढच्या खेपेला लेकीला म्हणा, खंडाळ्याला ने. घाटातलं नव्हे हां, अलिबागजवळचं. तिथं एका खडकावर खुणा आहेत, एलियाहूंचा रथ इथूनच वर गेला अशी बेने इस्रायलींची श्रद्धा आहे, नवस बोलायला लांबून येतात लोक.